खिडकीतून मोजलेली चाल

दूर उत्तरेच्या समुद्रातल्या वेस्ट्रे बेटावर झाड टिकत नाही. वाराच टिकू देत नाही. त्यामुळे तिथे माणूस मैलभरावरून दिसतो आणि त्याचं तोंड दिसण्याच्या कितीतरी आधी चालीवरून ओळखू येतो. तो डावा खांदा पुढे काढून येतोय तो बेकी शेतावरचा जॉर्डी. ती तुरुतुरु येतेय ती पोस्टातली मेबल. बेटावरच्या सगळ्यांनाच ही नजर असते, पण मिमा रेंडलची जरा जास्तच तिखट होती. तिचा बाप गाय कुंपणापाशी पोचायच्या आत सांगायचा की उद्या ही लंगडणार. मिमा माणसांचं सांगू शकायची, पण सांगायची नाही.

तिच्या आईला 'ते' होतं. ऑर्कनीच्या बेटांवर 'तिलाही ते झालंय' एवढं म्हटलं की पुरतं, मल्टिपल स्क्लेरोसिस असं लांबलचक कुणी म्हणत बसत नाही. इतक्या घरांत ते आहे. मिमाची आई आधी भिंत धरून, मग खुर्ची ढकलत, मग खुर्चीत बसून आणि शेवटी पडून राहिली. ती गेली तेव्हा मिमा तेवीस वर्षांची होती.

म्हणूनच, मोठ्या बेटावरच्या कर्कवॉल गावाहून महिन्यातून एकदा छोट्या विमानाने येणाऱ्या फिजिओबाईंना, शोनाला, बेटावर मदतनीस हवी होती तेव्हा मिमाने लगेच होकार दिला. काम सोपं दिसायचं. गावाच्या हॉलमध्ये लाकडी जमिनीवर पंचवीस फुटांच्या अंतराने दोन पट्ट्या चिकटवायच्या. आजारी माणसाने या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत जमेल तितकं भराभर, पण न पडता चालायचं. मिमाने स्टॉपवॉच लावायचं. मग खुर्चीतून उठून, तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो ते पाहायचं. मग बारा प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत जिना चढणं किती जड गेलं? उभं राहायला आधार लागला का? चालताना पायांकडे लक्ष द्यावं लागलं का?

मिमा माणसाच्या अर्धं पाऊल मागे चालायची. पुढे कधीच नाही. पडेल असं वाटलं तर हात तयार असायचा, पण मागितल्याशिवाय लावायची नाही. लोकांना ते आवडायचं.

"काय मिमा, आज घोडा किती सेकंदांत आला?" जॉर्डी विचारायचा.

"अकरा."

"मागच्या खेपेला दहा होते! बूट बदलायला हवेत."

"बूट राहू देत, आधी कुत्रं बदल. परवा त्याच्या साखळीत अडकून पडलास ना?"

"तुला कोणी सांगितलं गं?"

"सांगायला कशाला हवं? चर्चच्या वळणावरून दिसलास."

कुणी गळ घालायचं, मिमा, अर्धा सेकंद कमी लिही की. ती म्हणायची, "मी कमी लिहिलं म्हणून तुझा पाय थोडाच ऐकणार आहे? डॉक्टरांना खरं कळू दे. खोट्यावर खोटंच औषध मिळतं."

तिचा नवरा एर्लंड शेवंडीचे पिंजरे टाकायचा. त्याची आणि त्याच्या चुलतभावाची, ऑलीची, मिळून एक बोट होती. एर्लंड बोलका, नाचरा, हसताना मान मागे टाकणारा. मूल झालं नाही, त्याचं दोघांनीही वाईट वाटून घेतलं आणि पुढे गेले. घर धक्क्याच्या वरच्या अंगाला होतं. सकाळी तो फाटकातून निघायचा, उतारावरून खाली जायचा, आणि धक्क्यावर बोटीचे दोर बांधायच्या पहिल्या खुंट्यापाशी पोचला की वळून खिडकीकडे हात करायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनची ती सवय. मिमाही खिडकीतून हात करायची.

ऑलीच्या लग्नात त्याच हॉलमध्ये नाच झाला. दोन लांब रांगा, मधून एकेक जोडी गिरक्या घेत जायची. एर्लंड गिरकी घेऊन बाहेर पडला आणि त्याच्या डाव्या बुटाचं टोक जमिनीवर घासलं. खर्र. व्हायोलिन, टाळ्या, पोरांचा आरडाओरडा, त्या सगळ्यात मिमाला तेवढंच ऐकू आलं. पुढच्या गिरकीला पुन्हा खर्र.

"पाय दुखतोय का रे?" घामाघूम होऊन तो बाजूला येऊन बसला तेव्हा तिने विचारलं.

"छे, नवे बूट आहेत."

बूट तीन वर्षांपूर्वीचे होते. तिनेच आणले होते.

सोमवारी तिला सुट्टी असायची. तो बोटीवर गेल्यावर तिने कामाची टेप काढली आणि फाटकापासून पहिल्या खुंट्यापर्यंतचं अंतर मोजलं. साठ मीटर भरलं. पुढच्या सोमवारी तो फाटकाबाहेर पडला तेव्हा खिडकीच्या चौकटीखाली तिच्या उजव्या हातात स्टॉपवॉच होतं. सेहेचाळीस सेकंद. खुंट्यापाशी वळून त्याने हात केला. तिने डावा हात वर केला.

विणकामाचे नमुने लिहायच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने आकडा टिपला. मनाशी म्हणाली, तीन महिने हाच आकडा राहिला तर पान फाडून शेगडीत टाकीन आणि माझ्या संशयी स्वभावाला शिव्या देईन.

तीन महिन्यांनी एकोणपन्नास झाले होते. तिने लिहिलं, 'वारा समोरून.' पुढच्या वेळी वारा पाठीमागून होता, तरी एकोणपन्नासच.

विचारलंच नाही असं नाही. दोनदा विषय काढला.

"एकदा कर्कवॉलला जाऊन दाखवून ये ना."

"काय दाखवू? म्हातारपण?"

"त्रेचाळीसचा आहेस."

"बोटीवर त्रेचाळीस म्हणजे साठ." दुसऱ्या खेपेला तो हसला नाही. म्हणाला, "तुझ्या त्या पट्ट्यांवर मला चालवू नकोस, मिमा. सगळं बेट चालतंय तेवढं पुरे. आणि घरात तो विषय नको."

आईचं जे झालं ते त्याला माहीत होतं. तो घाबरलाय हे तिला कळत होतं, आणि आपण त्याहून जास्त घाबरलोय हेही. आकडा लिहिला की दिवसाच्या कामाला लागता यायचं, एवढंच. बावन्न. सत्तावन्न. त्रेसष्ट. चार वर्षांत वहीची सोळा पानं भरली. त्र्याऐंशीवर आकडा आला तेव्हा त्याच्या चालण्याला चालणं म्हणायचं की नाही हा प्रश्नच होता, तो धक्क्याच्या कठड्याला खांदा लावून सरकायचा. आणि खुंट्यापाशी पोचला की धापा टाकत वळायचा आणि हात करायचा.

मग एका दुपारी ऑली मागच्या दाराने आला. टोपी हातात, नजर जमिनीवर.

"आज तो पिंजऱ्याच्या दोरात पाय अडकून पडला. अर्धा बाहेर गेला होता, कॉलर धरून आत ओढला मी. मिमा, मी त्याला घेऊन नाही जायचा आता. तू सांगतेस का मी सांगू?"

"तू सांग," मिमा म्हणाली. "माझं तो ऐकणार नाही."

ऑलीने सांगितल्यावर एर्लंड तयार झाला. ॲबर्डीनच्या इस्पितळात मोठ्या यंत्रात घालून फोटो काढले, पाठीतून पाणी काढलं. आठवड्याने दोघांना डॉक्टरांसमोर बसवलं. डॉक्टर पन्नाशीचे, शांत, बोलताना पेन मिटत-उघडत राहणारे. आजार तोच निघाला, त्याचं दोघांनाही आश्चर्य वाटलं नाही.

"चालायला त्रास कधीपासून होतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"या वसंतापासून," एर्लंड म्हणाला.

"त्याआधी काहीच नाही?"

"काही नाही. वसंतात एकदम."

डॉक्टर जरा उजळले. म्हणाले, एकदम आलं असेल तर झटक्याझटक्याने येणाऱ्या प्रकारातलं असू शकतं. त्याच्यावर इंजेक्शनं आहेत. करून पाहता येतील.

एर्लंडने मिमाकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत तिने त्याच्या डोळ्यांत एवढी आशा पाहिली नव्हती. वही तिच्या पिशवीत होती. कशाला आणली होती, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. गप्प बसायचं ठरवून ती दहा-वीस श्वास बसली. शेकडो माणसांना तिने सांगितलं होतं, खरं सांगा. चुकीची सुई या माणसाच्या अंगात जाईल, आपल्याला माहीत असून जाईल. तिने वही काढून टेबलावर ठेवली.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "दर सोमवारचं आहे यात."

डॉक्टरांनी पानं उलटली. मग एक कोरा कागद घेऊन भराभर टिंबं मांडली आणि ती जोडली. "असं टिपण मला आजवर कुणी आणून दिलेलं नाही," ते म्हणाले. रेघ पूर्ण होता होता त्यांचा आवाज बदलला. रेघ कुठेही खाली आली नव्हती. थांबत-सावरत गेली नव्हती. नुसती चढत गेली होती.

"हा झटक्यांचा प्रकार नाही," ते पेन खाली ठेवत म्हणाले. "सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणारा आहे. याच्यावर आमच्याकडे आज तरी इंजेक्शन नाही. माफ करा."

एर्लंडने हात पुढे करून वही घेतली. भरती-ओहोटीचं कोष्टक वाचतात तसं एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. सोमवार, बावन्न, वारा समोरून. सोमवार, चौपन्न, पाऊस. दोन पानं वाचून त्याने वही परत डॉक्टरांपुढे सरकवली.

"तुमच्याकडेच ठेवा. तिला पाठ असेल."

घरी आल्यावर ती चहा ठेवायला वळली तेव्हा तो खुर्चीत बसून म्हणाला, "चार वर्षं."

"एर्लंड, अरे ऐक ना..."

"दर सोमवारी मी त्या खुंट्यापाशी वळायचो. शेवटी शेवटी वळताना तोल जायचा, तरी वळायचो. वाटायचं, माझी बायको खिडकीत उभी आहे."

"मीच होते."

"नाही. हॉलमधली बाई होती ती."

तिने माफी मागितली. त्या दिवशी मागितली, नंतरही मागितली. तो म्हणायचा, "ठीक आहे." आवाज चढवला नाही, ताट लोटलं नाही. मीठ मागायचा, हवेबद्दल बोलायचा, तिने सातूची भाकरी भाजली की छान झालीय म्हणायचा. फक्त त्या दिवसापासून तो तिच्यासमोर चालला नाही.

पहिल्यांदा तिच्या लक्षातच आलं नाही. ती खोलीत आली की तो बसलेला असायचा. ती असेपर्यंत बसलेलाच असायचा. त्याला उठायचं असलं की म्हणायचा, "मिमा, कोंबड्या आत घेतल्यास का?" ती म्हणायची, घेतल्या. तो म्हणायचा, "एकदा बघून ये." तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिला कळलं. मग ती बाहेर जायची, खुराड्यापाशी उभी राहायची, आणि पुरेसा वेळ गेला असं वाटलं की परत यायची. तोवर तो मोरीत जाऊन आलेला असायचा किंवा पलंगावर बसलेला असायचा, श्वास लागलेला, चेहरा लाल. पुढे पुढे तिला सांगावंही लागेना. घरात शिरताना ती दाराची कडी दोन-तीनदा खडखडवायची आणि जरा थांबायची. आत काठी ठेवल्याचा, खुर्ची करकरल्याचा आवाज आला की मग दार उघडायची.

बोट ऑलीकडे गेली. एर्लंड शेगडीपाशी बसून पिंजऱ्यांची जाळी विणून द्यायचा. शोनाने त्याला तपासण्यांना यायला राजी केलं, पण त्याच्या दोन अटी होत्या. मिमा हॉलमध्ये नको. आणि आकडा तिला सांगायचा नाही.

"मी काय करू गं?" शोनाला रडू यायचं बाकी होतं. "नियमाने मला त्याचंच ऐकायला हवं."

"त्याचंच ऐक," मिमा म्हणाली.

हॉलची किल्ली मिमाकडे होती. पट्ट्या तीच लावायची, खुर्ची तीच मांडायची, आणि ऑलीची गाडी दिसली की मागच्या दाराने बाहेर जाऊन तेलाच्या टाकीच्या आडोशाला उभी राहायची. एकदा तिथून मेबल टपालाची थैली घेऊन जात होती. मेबलच्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्या बेटाला ठाऊक.

"काय गं, बाहेर का उभी वाऱ्यात?"

"आत एर्लंड आहे."

"मग?"

"मग काही नाही."

मेबलने तिच्याकडे पाहिलं. खिशातून एक टॉफी काढून तिच्या हातावर ठेवली आणि काही न विचारता गेली. कुणाजवळ काही बोललीही नाही.

अशी सहा वर्षं गेली. बेटावरच्या प्रत्येकाचे सेकंद मिमाला ठाऊक होते. नवऱ्याचे ठाऊक नव्हते.

सातव्या वर्षी, एप्रिलमध्ये, एका सकाळी ती मागे कपडे वाळत घालून आली. नेहमीसारखी कडी खडखडवली. आतून आवाज आला नाही. तिला वाटलं, मोरीकडे असेल, येऊ दे. तिने पुन्हा खडखडवली. खुर्ची करकरेना. वाऱ्याने हातातली रिकामी टोपली हेलकावत होती. आत गेलं तर त्याला उभं पाहू, आणि मग जे थोडंफार उरलंय तेही जाईल, असं तिला वाटलं. ती थांबून राहिली.

"मिमा," आतून आवाज आला. खालून, जमिनीजवळून. "ये आत."

तो स्वयंपाकघर आणि मोरीच्या मधल्या बोळात आडवा पडला होता. काठी लांब घरंगळलेली. कपाळाला खोक, रक्त सुकत आलेलं. तिने शिकलेलं सगळं केलं. मान पाहिली, कंबर पाहिली, पायाची बोटं हलव म्हणाली. हाड मोडलं नव्हतं. पण लगेच उचलायचं नसतं, म्हणून ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली.

"तू बाहेर उभी होतीस," तो म्हणाला.

"हो."

"किती वेळ?"

"मोजला नाही."

छताकडे बघत तो म्हणाला, "मी पडून ऐकत होतो. हाक मारावीशी वाटत नव्हती. म्हटलं, येईल आत. तू येईनास."

"तूच तर शिकवलंस मला तसं."

"हो, मीच." मग तो म्हणाला, "मी नको म्हटलं तरी तेव्हा नुसतं विचारत राहायचं होतंस गं. कसं चाललंय तुझं, एवढंच."

"तू खोटं बोलला असतास."

"बोललो असतोच. पण तू विचारलं असतंस."

तिने एप्रनच्या कोपऱ्याने त्याचं कपाळ पुसलं. नंतर ऑलीला बोलावून दोघांनी मिळून त्याला उचललं. त्या दिवसानंतर एर्लंड चालला नाही. पायांनी पुरती साथ सोडली. लपवायला काही उरलं नाही, आणि तो परत तिच्याशी बोलू लागला, मान मागे टाकून हसूही लागला. रोज सकाळ-संध्याकाळ ती त्याला मिठी मारून पलंगावरून चाकांच्या खुर्चीत घ्यायची. "एक, दोन, तीन, ऊठ," ती म्हणायची. "नाचायला नेतेस का?" तो म्हणायचा. दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी छातीत कफ झाला आणि चार दिवसांत तो गेला.

समाचाराला येणारे म्हणायचे, मिमा, शेवटी तरी चांगलं गेलं हो तुमचं. ती मान हलवायची. खोटं नव्हतंच ते. पण माणसं गेली आणि घर मोकळं झालं की तिच्या डोक्यात एकच यायचं. ती सहा वर्षं तो चालत होता. काठी टेकत, भिंत चाचपत, पण चालत होता. याच घरात, याच बोळात. ऑलीने पाहिलं, शोनाने पाहिलं, हॉलपाशी येता-जाता मेबलने पाहिलं. तिने नाही.

मे महिन्यात ऑली खेकडे द्यायला आला. चहा घेऊन उठायच्या बेतात होता.

"ऑली," मिमा म्हणाली, "तो कसा चालायचा रे, त्या वर्षांत?"

ऑली शब्दांचा गरीब माणूस. तोंड उघडलं, मिटलं. मग कप खाली ठेवून तो उठला. दाराकडे पाठ करून उभा राहिला, डावा हात कपाटाच्या कडेवर टेकवला, उजव्यात नसलेली काठी धरली. मान खाली घातली. उजवं पाऊल टाकलं, मग कंबर उचलून डावा पाय अर्धगोलात ओढून आणला. बुटाचं टोक फरशीवर घासलं. थांबला, श्वास घेतला. पुन्हा उजवं. शेगडीपर्यंत पोचायला त्याने खूप वेळ घेतला, तिथे पोचल्यावर टाचेवर वळताना एर्लंड जीभ दातांत धरायचा तशी धरली.

मिमा खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती. डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही.

"परत चाल," ती म्हणाली. "सुरुवातीपासून."